रॉकेटसाठी घातलेलं गाऱ्हाणं

"वर जाण्यात काडीचंही शौर्य नाही. धूर वर जातो, भाजीचे भाव वर जातात, माणसंसुद्धा शेवटी वरच जातात. खरा पुरुषार्थ खाली येण्यात आहे. तोही धड, आणि आपल्या पायांवर."

लवू घाडीगावकरने हा सिद्धांत लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून जाहीर केला, तेव्हा त्याच्या कमरेला टॉवेल होता आणि दोन्ही हात कठड्याबाहेर लोंबत होते. दोरीवर वाळत घातलेली त्याची लुंगी नुकतीच सुटून, हवेत दोन गिरक्या घेऊन, अंगणात पेपर वाचत बसलेल्या शामरावांच्या डोक्यावर उतरली होती.

शामरावांनी लुंगी डोक्यावरून काढली, शांतपणे तिची घडी घातली आणि वर बघून विचारलं, "अपेक्षाचा फोन आला वाटतं?"

"आला. उद्या दुपारी सोडतायत."

"मग खाली ये. लुंगी न्यायला तरी ये."

अपेक्षा ही लवू-शेवंतीची एकुलती एक मुलगी. चाळीतल्या खोलीत, पहाटे नळाला पाणी आलं की भरायला उठून, फोडणीच्या वासात अभ्यास करून इंजिनियर झाली आणि दूर दक्षिणेत समुद्रकाठी एका कंपनीत नोकरीला लागली. ती कंपनी एक अवाढव्य रॉकेट बनवत होती. बेस्टच्या दोन-तीन बसगाड्या एकदम उचलून आकाशात नेऊन ठेवील, एवढी त्याची ताकद. ("वाटेत स्टॉपवर थांबेल का?" शामरावांनी विचारलं होतं.) पण त्याची खरी मिजास पुढे होती. बोजा वर पोचवला की रॉकेटचा खालचा मोठा भाग सुटून पुन्हा पृथ्वीवर यायचा, पाय पसरून उभा राहायचा आणि झाडूनपुसून परत कामाला लागायचा. हे पाय अपेक्षाच्या खात्यात होते. रॉकेटला पाय असतात ही बातमी चाळीला तिच्यामुळेच कळली.

शेवंतीला या सगळ्यात नवल एवढंच वाटलं, की आजवरची रॉकेटं लोक एकदा वापरून टाकून देत होते. जिच्या घरात लवूच्या जुन्या शर्टाची पिशवी होते, पिशवीचं पायपुसणं होतं आणि पायपुसण्याच्या शेवटी चिंध्या करून त्या बोहारणीसमोर ठेवल्या जातात, त्या बाईला हे ऐकून घेरीच आली. "एवढा मोठा भांडा, आणि एका वेळेक?" ती म्हणाली. "ह्यांका आवशीन काय शिकवल्यान नाय?"

रॉकेट वर जायचं झकास. तिथे कुणाची तक्रार नव्हती. बोंब होती ती येण्याची. एकदा ते सरळ समुद्रात गेलं. एकदा उतरलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं उभं राहिलं आणि मग कलंडून आडवं झालं, शिमग्याच्या रात्रीचं माणूस होतं तसं. प्रत्येक वेळी अपेक्षा फोनवर तेच म्हणायची, "बाबा, ते एकदा नीट परत येऊ दे, मग मी येते."

गेल्या गणपतीला ती आली नाही. त्याच्या आदल्याही नाही. शेवंतीने तिच्या वाटणीचे मोदक दोन्ही वर्षं वेगळे काढले आणि दोन्ही वर्षं लवूने ते न बोलता खाल्ले. तेव्हापासून अंतराळात लवूला रस असा उरला नव्हता. चंद्र, मंगळ, उपग्रह हे ज्याचं त्याने बघावं. लवूला ते रॉकेट उभं राहिलेलं हवं होतं, कारण त्याच्यावर त्याची मुलगी घरी येणं अवलंबून होतं.

या विषयातला त्याचा अधिकारही लहान नव्हता. गिरणी बंद पडल्यावर उरलेली नोकरी त्याने दादरच्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन म्हणून केली होती. "लिफ्ट वर जाते तेव्हा तिच्याकडे कोण बघतो?" तो सांगायचा. "खाली येईना की मग सगळे बटनं दाबत बसतात."

मार्चच्या त्या दिवसांत तो संध्याकाळी शिवडीच्या खाडीकडे जाऊन बसू लागला. तिथे चिखलात फ्लेमिंगो उतरत. पूर्वीइतके येत नाहीत असं लोक म्हणायचे, तरी भरतीच्या आधी गुलाबी रांगोळी पडावी इतके होते. कुठून कुठून येतात, उन्हाळा सरता सरता जातात आणि दुसऱ्या वर्षी कुणी न बोलावता त्याच चिखलात हजर. पाठीमागे तेलाच्या टाक्या, समोर हे पक्षी, मधे लवू. पक्षी उतरताना लांबलचक पाय आधी पुढे काढायचे, दोन पावलं पाण्यावर धावायचे आणि मग एकदम काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने उभे राहायचे. लवूने त्याचा व्हिडिओ काढून अपेक्षाला पाठवला आणि खाली लिहिलं, 'पाय आधी.' तिने उत्तरादाखल अंगठा पाठवला. कंपनीने सूचना स्वीकारली, असं लवूने शामरावांना सांगितलं.

पण पक्ष्यांवर भिस्त ठेवून स्वस्थ बसणारा लवू नव्हता. तो देवगडकडचा घाडी. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा, आणि तो मान लवूने चाळीत आणून अंगणातल्या छोट्या देवळीपुढे चालू ठेवला होता. कुणाची दहावी, कुणाचा पासपोर्ट, कुणाचं अडलेलं लग्न, सगळ्यांसाठी लवू नारळ ठेवून देवाशी बोलायचा आणि मागे उभी असलेली चाळ "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर सही करायची. बहुतेक अर्ज मंजूर झाले होते. चाळीच्या पुनर्विकासाचा तेवढा देवाच्या विचाराधीन होता.

तेव्हा लुंगी नेसून झाल्यावर, त्याच संध्याकाळी त्याने नारळ ठेवला. चाळ गोळा झाली. कमिटीचा सेक्रेटरी हितेंद्र चपला काढून पुढे उभा राहिला. शामराव मागे, जिन्याच्या पायरीवर बसले. ते बाबासाहेबांचे, देवाशी त्यांचा व्यवहार नव्हता, लवूशी होता. गाऱ्हाण्यानंतर चहा असतो म्हणून येतो, असं ते सांगत.

लवूने डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे नारळ ठेवन हात जोडून उभी आसत, ती कशाक?"

"व्हय म्हाराजा."

"आमच्या चेडवान, वांगडच्या सगळ्या सोबत्यांच्या हातान, जा काय उभा केल्यान हा, ता उद्या वर जातला. ता जसा जातला तसाच सुखरूप खाली येवंदे."

"व्हय म्हाराजा."

"वाटेत वारो आडवो इलो, ढग आडवो इलो, कोणाची नजर आडवी इली, तर ती बाजूक सार. त्येच्या पायांत बळ दी. आणि ता थेट हय, आपल्या चाळीच्या आंगणात, तुझ्या ह्या देवळीसमोर आणून, धडधाकट उभा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळ एका घशाने म्हणाली. नारळ फुटला. खोबरं वाटलं गेलं. चहा आला.

शामरावांनी कपातून एक घोट घेतला आणि विचारलं, "लवू, पत्ता कुणाचा दिलास?"

"कसला पत्ता?"

"रॉकेटला उतरायचा."

लवूचा कप बशीवर टेकला तो टेकलाच. गाऱ्हाण्याला शेपूट असतं. नावाचा घोळ होऊन देवाची कृपा भलत्याच्या घरी जाऊ नये म्हणून शेवटी ठावठिकाणा सांगायचा असतो. आजवरचं प्रत्येक गाऱ्हाणं चाळीतल्याच माणसांचं. परगावी गेलेला प्रत्येक जण लवूने देवाकडून याच अंगणात आणवला होता. जिभेला तीच सवय. मेंदूला न विचारता तिने रॉकेटलाही चाळीत बोलावलं.

"बाकी कुणाच्या कसं लक्षात आलं नाही?" हितेंद्र म्हणाला.

"तुम्ही सगळे व्हय म्हणत होता," शामराव म्हणाले. "मी म्हणत नव्हतो, म्हणून मला ऐकू आलं."

सगळ्यांनी एकदा वर, चाळीच्या चार बाजूंमधल्या आभाळाच्या चौकोनी तुकड्याकडे पाहिलं, आणि मग खाली फरशीकडे. कुणाचा यावर विश्वास होता असं नाही. पण व्हय सगळ्यांनीच म्हटलं होतं.

"केवढं असतं ते?" हितेंद्रने विचारलं.

"समोरच्या टॉवरएवढं," लवू म्हणाला. "अपेक्षाने फोटो पाठवला होता."

"म्हणजे पुनर्विकास न होता चाळीत टॉवर उभा राहणार," शामराव म्हणाले. "बिल्डरला कळवा."

"मस्करी नको, काका. लवूकाका, गाऱ्हाणं मागे घेता येतं ना?"

येत होतं. दुसरा नारळ ठेवायचा आणि उलट बोलायचं. पण उलट बोलायचं म्हणजे काय बोलायचं, ते लवूने मनातल्या मनात एकदा बोलून पाहिलं. 'देवा म्हाराजा, मगाशी सांगितला ता रद्द. ता येव नको.' शेवटच्या दोन शब्दांना तो अडखळला. देव कामात असतो. हजार गाऱ्हाण्यांत त्याने अर्धंच ऐकलं, एवढंच ऐकलं की येव नको, तर? मग ते समुद्रात जाईल, अपेक्षा पुन्हा फोनवर म्हणेल, एकदा नीट येऊ दे. आणि शेवंती पुन्हा मोदक वेगळे काढेल.

"नाही घेत," लवू म्हणाला.

"अहो पण अंगणात..."

"अंगणात तर अंगणात. कुठेच न येण्यापेक्षा बरं ना?" त्याने बशी बाजूला सारली. "जागा करा."

गिरणगावातल्या चाळीला कारण पटलं नाही तरी चालतं. माणूस कळावा लागतो. रात्रीच्या आत हितेंद्रने ग्रुपवर मेसेज टाकला. 'उद्या दुपारी अंगणात कोणीही वाहने लावू नयेत. कारण: धार्मिक.' त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. स्कूटरी बाहेर गेल्या. कॅरमचं स्टँड जिन्याखाली गेलं. सकाळी बायकांनी अंगण धुतलं आणि कुणीतरी, नेमकं कुणी ते शेवटपर्यंत कळलं नाही, मधोमध रांगोळीचं एक मोठं वर्तुळ काढून ठेवलं.

दुपारी चाळ हितेंद्रच्या टीव्हीपुढे जमली. लवू गेला नाही. वर जाताना त्याने याआधीही पाहिलं होतं. खाली येताना बघायची हिंमत नव्हती. तो गॅलरीतल्या बाकावर आडवा झाला. उन्हाचा पट्टा कठड्यावरून हळूहळू सरकत होता. खालच्या खोलीतून कुळथाच्या पिठीचा वास येत होता. समोरच्या टॉवरच्या काचेत एक ढग अडकून पडला होता. लवूने त्या ढगाकडे बघत डोळे मिटले आणि ढग काचेतून सुटला.

आधी शिवडीचे पक्षी उठले. सगळे एकदम, आवाज न करता, आणि आभाळाला आतून अस्तर लावल्यासारखी गुलाबी छटा आली. त्या गुलाबीतून ते उतरत होतं. ज्वाळा नव्हती, गडगडाट नव्हता. लांबच्या गावाहून आलेलं माणूस एसटीतून उतरल्यावर जसं जरा थांबून, इकडेतिकडे बघून चालू लागतं, तसं ते रे रोडवरून, लाकडांच्या वखारींवरून अंदाज घेत आलं. परळच्या वर आल्यावर त्याला टॉवरांच्या गर्दीत एक गिरणीची चिमणी दिसली. एकटी, उंच, काळवंडलेली. रॉकेट थबकलं. आपल्याच कुळातलं कुणीतरी असावं असं त्याला वाटलं.

"खंयसून इलंस?" चिमणीने विचारलं.

"वरून," रॉकेट म्हणालं.

"वर काय आसा?"

"काही नाही. फार शांत आहे."

"हयही आता शांतच आसा," चिमणी म्हणाली. "पयला भोंगो वाजायचो. जा, वाट बघतत."

मग ते चाळीवर आलं. चौकोनी आभाळ त्याने पूर्ण भरून टाकलं, तरी अंधार पडला नाही. त्याने पाय काढले. आधी पाय, लवूने झोपेतही नोंद घेतली. आणि ते गॅलऱ्यांच्या मधून, कुणाची वाळत घातलेली साडी न हलवता, खाली येत येत रांगोळीच्या वर्तुळात उभं राहिलं. फुलं ठेवावीत इतक्या अलगद.

चाळ गॅलऱ्यांतून बघत होती. शेवंती तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन पुढे झाली. दुरून आलेल्या माणसावरून तो ओवाळून टाकल्याशिवाय तिच्या घरात कुणी आत येत नसे. पण पाहुण्याचं डोकं समोरच्या टॉवरच्याही वर होतं. ती क्षणभर उभी राहिली. मग तिने तुकडा पहिल्या मजल्यावर दिला. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तो हातोहात वर जात गच्चीवर पोचला. गच्चीच्याही वर कुणाचे तरी हात होते. तुकडा ढगात गेला, ओवाळला गेला आणि तसाच हातोहात खाली आला. शेवंतीने तांब्यातलं पाणी त्याच्या पायांवर घातलं. तापलेल्या तव्यावर पडावं तसं चुर्र झालं आणि दमलेल्या माणसाने सोडावा तसा त्याने एक श्वास सोडला.

कुठेतरी उंचावर एक लहानसं दार उघडलं. तिथून अपेक्षा डोकावली. लवू खालून ओरडला, 'ये गो, उतर.' तिने हात हलवला. तो ये म्हणून हलवला की जाते म्हणून, हे त्याला खालून ओळखता येईना. तो बटन शोधू लागला. लिफ्टचं. भिंतीवर, खांबावर, रॉकेटच्या पायावर. तिला खाली आणायचं बटन त्याला कुठेच सापडेना.

आणि खाली हितेंद्रच्या खोलीतून एकदम गलका उठला. लवू दचकून उठून बसला. ऊन बाकावर आलं होतं. अंगण रिकामं होतं, रांगोळीच्या वर्तुळात एक मांजर बसलं होतं. शामराव जिना चढून येत होते, पण ते दम खात असल्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"काय झालं?" लवूने विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. धूर झाला, चित्र गेलं. हितेंद्र म्हणतो उतरलं. बाकीचे म्हणतात टीव्ही बिघडला. ओरडले मात्र सगळेच."

शेवंती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पीठ होतं. तिघंही फोनकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने तो वाजला.

"बाबा."

"बोल."

"उभं राहिलं."

लवूने जरा भीतभीत विचारलं, "कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. ओट्यावर. उतरायला काँक्रीटचा ओटा बांधलाय ना, त्याच्यावर."

"अगदी मधोमध?"

"नाही, थोडं सरकलं."

"कुठल्या बाजूला?"

"काय विचारताय बाबा? थांबा हं." तिकडे ती कुणाला तरी काही विचारत होती. "वायव्येला. का?"

लवूने फोनवर हात ठेवला आणि शामरावांना सांगितलं, "वायव्येला सरकलं. म्हणजे आपल्याकडे."

शामरावांनी त्यावर नीट विचार केला. "निघालं होतं म्हणजे," ते म्हणाले.

"आपल्या खुर्चीत बसलीस की उभीच आहेस?" लवू फोनमध्ये म्हणाला. त्याला विचारायचं दुसरंच होतं.

"उभीच आहे. कुणीच बसलं नाही."

"बरं. मग..." त्याने शेवंतीकडे पाहिलं. ती पिठाचा हात तसाच धरून होती. "मग आता येतेस ना?"

तिकडे समुद्राचा वारा ऐकू येत होता.

"बाबा, हेच परत पाठवायचंय. तपासायचं, धुवायचं आणि पुन्हा वर. सगळे लगेच मागे लागलेत."

"आत्ता तर आलंय गो. जरा टेकू तरी द्या."

"त्याच्यासाठीच बनवलंय ना बाबा ते."

लवूने मान हलवली, जी तिला दिसणार नव्हती. आलेल्याला लगेच परत पाठवायचं, हे गाऱ्हाण्यात आलं नव्हतं. ती चूक देवाची नव्हती. शेवंतीने फोनसाठी हात पुढे केला आणि पीठ बघून पुन्हा मागे घेतला.

"पण मी येतेय," अपेक्षा म्हणाली. "रविवारी. चार दिवस. साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं, उभं राहिलं तर जाईन म्हणून. तुम्ही ऐकताय ना?"

लवू ऐकत होता. शेवंतीने त्याच्या चेहऱ्यावरून ऐकलं आणि वळून आत गेली. पीठ मळल्याचा आवाज येऊ लागला, नेहमीपेक्षा जास्त जोरात. आणि मग लवूला बोलायला सुचू लागलं, ते थांबेचना. नाक्यावर बँजो पार्टी उभी करायची. हितेंद्र बॅनर करतोय, त्यात तिचा आणि रॉकेटचा, दोघांचा फोटो. चाळीतर्फे शाल आणि श्रीफळ. शामराव भाषण करणार, चहा असेल तर. दादरला जाऊन हार त्याने स्वतः आणायचा, आणि देवळीपुढे असं गाऱ्हाणं घालायचं, आभाराचं, की तसं घाडी घराण्यात कुणी घातलं नसेल. पत्त्याचं या वेळी तो नीट बघणार होता.

अपेक्षाने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा तिने जांभई दिली, ती लांबलचक होती.

"बाबा, एक सांगू?"

"सांग की. काय हवं ते सांग."

"सकाळी पाणी आलं तरी मला उठवू नका."